गेलेल्यांना घाईने संत करू नकोस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

नोव्हेंबरमधल्या मृतस्मरणाच्या मिस्साची तयारी फादरांनी यंदा तुझ्याकडे सोपवली, हे कळलं. नावांची यादी करायची, विश्वासूंच्या प्रार्थना लिहायच्या आणि मिस्सा सुरू होण्याआधी दोन शब्द बोलायचे, एवढंच काम आहे असं तुला सांगितलं असेल. तू पाठवलेला मजकूर मी दोनदा वाचला. लिहितेस छान. पण एक परिच्छेद मला खटकला, आणि त्यासाठीच हे पत्र. वर्षभरात गेलेली आपली सगळी माणसं आता स्वर्गात संतांच्या शेजारी बसली आहेत आणि तिथून आपल्याकडे हसून बघताहेत, असं तू लिहिलं आहेस.

तसं असेल, तर आपण दोन तारखेला जमायचं कशासाठी?

१ नोव्हेंबर हा सर्व संतांचा सण आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस. तारखा लागून आहेत म्हणून लोक दोन्ही एकातच गुंडाळतात. पण पहिल्या दिवशी आपण संतांना म्हणतो, ‘आमच्यासाठी प्रार्थना करा’. दुसऱ्या दिवशी आपण मृतांसाठी प्रार्थना करतो. एका दिवशी आपण मागणारे असतो, दुसऱ्या दिवशी आपल्याकडे कुणीतरी मागत असतं. दहाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठाचे प्रमुख ओदिलो यांनी आपल्या अखत्यारीतल्या मठांत सर्व संतांच्या सणाचा दुसरा दिवस मृतांसाठी ठरवून दिला आणि तिथून तो चर्चभर पसरला. त्यांना हवं असतं तर पहिल्याच दिवशी मृतांचाही उल्लेख उरकता आला असता. तसं त्यांनी केलं नाही.

हा फरक कुणाला नीट कळला होता सांगू? संत ऑगस्टीनला. एका प्रवचनात तो म्हणतो की श्रद्धेसाठी प्राण दिलेल्या रक्तसाक्ष्यासाठी प्रार्थना करणं हा त्याचा अपमान आहे. त्याच्या प्रार्थनेवर आपण स्वतःला सोपवायचं असतं. आणि तोच ऑगस्टीन आपल्या आईसाठी मात्र प्रार्थना करतो. ही आई, मोनिका, इ.स. ३८७ मध्ये रोमजवळच्या ओस्तियाला वारली. उत्तर आफ्रिकेतल्या घरापासून दूर, समुद्रापलीकडे. देह कुठेही पुरा, त्याची काळजी करू नका, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा, एवढंच तिने मुलांना सांगितलं होतं. पुढे ऑगस्टीन आपल्या आत्मनिवेदनात तिच्याविषयी लिहितो तेव्हा तो तिचे गुण जाणतोच, पण म्हणतो की ते जरा बाजूला ठेवून मी माझ्या आईच्या पापांसाठी तुझ्याकडे क्षमा मागतो. ज्या बाईने याच्यासाठी वर्षानुवर्षं डोळे पुसले, तिच्या पापांसाठी! शिवाय तो वाचणाऱ्यांना विनंती करतो की वेदीपाशी मोनिकाची आठवण करा आणि पात्रिकियुसचीही. पात्रिकियुस हा त्याचा बाप. तापट होता, बायकोशी एकनिष्ठ नव्हता, आयुष्याच्या अखेरीस कुठे त्याने बाप्तिस्मा घेतला. मुलाने यातलं काहीही लपवलं नाही आणि यादीतून बापाचं नावही गाळलं नाही.

आज मोनिका संत आहे, २७ ऑगस्टला तिचा सण असतो, मुलाच्या सणाच्या आदल्या दिवशी. पण ते चर्चने ठरवलं, पोराने अंत्यविधीच्या भाषणात ठरवलं नाही. आजच्या नियमांप्रमाणे एखाद्या व्यक्तीला संत जाहीर करण्याची प्रक्रिया सहसा मृत्यूनंतर निदान ५ वर्षं गेल्याशिवाय सुरूच होत नाही. मग साक्षी, कागदपत्रं, चमत्कारांची छाननी. आपण मात्र तिसऱ्या दिवशी निकाल लावून मोकळे होतो. अंत्यविधीच्या मिस्सात प्रवचन असावं, पण मृताचं गुणगान करणारं भाषण प्रवचनाच्या जागी नको, असं मिस्साच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलेलं आहे. किती ठिकाणी ते पाळलं जातं, हा भाग वेगळा.

तू म्हणशील, दुःखात असलेल्या घराला दिलासा नको का द्यायला? द्यायला हवा. पण कुणाला स्वर्गात बसवून दिला की तो दिलासा फार टिकत नाही. मी घरोघर पाहिलं आहे. बाप दारू पिऊन मारायचा हे ज्या मुलांना माहीत आहे, त्यांच्यासमोर ‘तो आता देवदूतांबरोबर गातो आहे’ असं म्हटलं की मुलं मान खाली घालतात. त्यांच्या तोंडचं खरं दुःखही आपण काढून घेतो. त्याऐवजी ‘तुमच्या बाबांसाठी आम्ही सगळे प्रार्थना करतो आहोत, तुम्हीही करा’ असं म्हटलं, तर त्या मुलांना बापासाठी करण्यासारखं काहीतरी उरतं. राग असला तरी करता येण्यासारखं.

शुद्धीस्थानाबद्दल, म्हणजे स्वर्गात जाण्याआधी मृतांची शुद्धी होते त्या अवस्थेबद्दल, लोकांच्या मनात भीतीच जास्त असते, म्हणून हेही त्यांना कधीतरी सांग: तिथे असलेल्यांचं तारण नक्की झालेलं असतं. देवाच्या कृपेत मेलेली, पण अजून पुरती निर्मळ न झालेली ही माणसं. त्यांच्यासाठी प्रार्थना करणं म्हणजे त्यांच्याबद्दल संशय घेणं नव्हे. आणि चर्चची शिकवण अशी की आपली प्रार्थना त्यांना मदत करते आणि त्यांची आपल्यासाठीची विनवणीही त्यातून फळाला येते. म्हणजे तुला जे ‘तिथून बघताहेत’ म्हणायचं होतं, ते अगदीच चूक नव्हतं. फक्त आधी आपल्या वाट्याचं काम केलेलं बरं.

पर्पेतुआची गोष्ट तुला धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगितली होती का, आठवत नाही. इ.स. २०३ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या तुरुंगात, ख्रिस्ती असल्याबद्दल, ती मरणाची वाट पाहत होती. अंगावर पिणारं मूल होतं. तिथे प्रार्थना करताना तिच्या तोंडून अचानक आपल्या धाकट्या भावाचं, दिनोक्रातेसचं नाव निघालं. सात वर्षांचा असताना तोंडावरच्या रोगाने तो गेला होता. तिला तो दिसला: मळलेला, तहानलेला, चेहऱ्यावर तीच जखम. समोर पाण्याचं कुंड, पण काठ त्याच्या उंचीपेक्षा वर. पाय उंचावूनही हात पोचत नव्हता. ती दिवसरात्र त्याच्यासाठी प्रार्थना करत राहिली. पुन्हा दिसला तेव्हा काठ खाली आला होता, जखमेच्या जागी नुसता वण होता, आणि पोटभर पाणी पिऊन पोरगं खेळायला पळालं. मृतांसाठीच्या प्रार्थनेवर मी बरंच वाचलं, पण त्या कुंडाच्या काठाइतकं स्पष्ट मला कशानेच झालं नाही.

आता तुझ्या यादीकडे येते.

मिस्सात वेदीपाशी म्हटल्या जाणाऱ्या पहिल्या आभारप्रार्थनेत (फादर ती मोठी म्हणून क्वचितच घेतात) संतांची जी नावं येतात, त्यात फेलिसिटी आणि पर्पेतुआ जोडीने येतात. एक गुलाम, एक मोठ्या घरची. त्याच प्रार्थनेत ख्रिसोगोनुस असं एक नाव आहे. त्या माणसाबद्दल नावापलीकडे खात्रीने सांगता येईल असं जवळपास काहीच हाती नाही, तरी शेकडो वर्षं ते नाव वेदीवर घेतलं जातं आहे. म्हणून यादीत आधी देणगीदार, मग समित्यांवरचे, मग बाकीचे असला क्रम लावू नकोस. मृत्यूच्या तारखेप्रमाणे लाव. कुणी कुरकुर केली तर यादी नोंदवहीवरून केली आहे म्हणून सांग.

आणि ती खरंच नोंदवहीवरूनच कर. चर्चच्या कायद्याप्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, बाप्तिस्मा आणि विवाहाबरोबर मृतांचीही नोंदवही असावी लागते आणि दफन झालं की तीत नोंद करावी लागते. बहुतेक ठिकाणी मृतस्मरणाची यादी मात्र अर्पणाच्या पाकिटांवरून होते. ज्यांच्या घरच्यांनी नाव लिहून पाकीट दिलं त्यांचं नाव येतं. मग ज्याच्यामागे कुणी राहिलं नाही, जिची मुलं दूर गेली, जो वृद्धाश्रमात गेला आणि चार माणसांत पुरला गेला, त्यांचं काय? सॅक्रिस्टीतल्या, म्हणजे वेदीलगतच्या तयारीच्या खोलीतल्या, कपाटातून ती वही फादरांना विचारून काढ. गेल्या नोव्हेंबरपासूनचं पान न् पान बघ. तुला दिसेल, काही नोंदींपुढे नातेवाइकाच्या रकान्यात नुसती रेघ ओढलेली असते. ती नावं सगळ्यात आधी उतरवून घे. मिस्सासाठी अर्पण देणं ही जुनी आणि चांगली रीत आहे, पण अर्पण न देऊ शकणाऱ्या गरजूंच्या हेतूसाठीही मिस्सा अर्पावी, अशी शिफारस कायदाच धर्मगुरूंना करतो.

काही घरं नाव द्यायला कचरतात. आत्महत्या झालेली असते, किंवा माणूस वर्षानुवर्षं चर्चला फिरकलेला नसतो. त्यांनी यावं म्हणून वाट पाहू नकोस, तू जा. आपलं जीवन स्वतः संपवलेल्यांसाठीही चर्च प्रार्थना करते, हे धर्मशिक्षणाच्या ग्रंथात लिहिलेलं आहे आणि बऱ्याच जणांना ते अजून कुणी सांगितलेलं नाही. नाव मोठ्याने वाचायला नको असं घरच्यांना वाटलं, तर आग्रह धरू नकोस. कागदावर लिहून वेदीपाशी ठेवता येतं. तान्ह्या मुलांचं वेगळं. बाप्तिस्मा झालेलं बाळ गेलं असेल तर त्याच्यासाठी पापक्षमा मागायची नसते. तिथे प्रार्थना आईवडिलांसाठी लिही.

वाचनाबद्दल थोडं. नावं वाचणाऱ्याला सगळी नावं आदल्या दिवशी मोठ्याने वाचायला लाव. अवघड नावाचा उच्चार घरच्यांनाच विचार. दोन नावांमध्ये श्वास घेण्याइतकं थांबायचं, त्याहून जास्त नाटक नको. पाठीमागे वाद्य वाजवायचा मोह होईल, गायनमंडळाला तो हमखास होतो; नको म्हण. आणि एका मोठ्या घोटाळ्यापासून सावध राहा: वाढदिवसाच्या आभारप्रार्थनेची चिठ्ठी मृतांच्या चिठ्ठ्यांत मिसळते. माणूस पहिल्या बाकावर बसलेला असतो आणि त्याचं नाव चिरशांतीसाठी वाचलं जातं. हसू नकोस, होतं असं.

संतांबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, पण तेही तुझ्याकडे येणार आहे. संतांचं स्मरण सुरू झालं तेच मुळी एका गावच्या लोकांनी एका कबरीपाशी जमून. आजच्या तुर्कस्तानातल्या स्मिर्नाचे बिशप पॉलिकार्प यांना दुसऱ्या शतकात जाळलं, तेव्हा तिथल्या मंडळीने त्यांची हाडं गोळा करून योग्य जागी ठेवली आणि दरवर्षी त्यांच्या रक्तसाक्षीच्या दिवशी तिथे जमायचं ठरवलं. दूरदेशीचा कुणी थोर पुरुष नव्हता तो त्यांच्यासाठी. रोजचे बिशप होते. पोप फ्रान्सिस यांनी २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये पत्र लिहून प्रत्येक धर्मप्रांताला सांगितलं की २०२५ पासून दरवर्षी ९ नोव्हेंबरला आपापल्या भागातले संत, संतपदाच्या अलीकडच्या पायऱ्यांवरचे धन्यवादित आणि आदरणीय, आणि ज्यांची प्रक्रिया चालू आहे ते देवाचे सेवक, यांची आठवण करा. तुमच्या धर्मप्रांतात असं कोण आहे याची बिशपांच्या कार्यालयात चौकशी कर आणि मुलांच्या वर्गात त्यांच्याबद्दल सांग. रंगवून सांगू नकोस. त्यांची चिडचिड, आजारपणं, वरिष्ठांशी उडालेले खटके यांची माहिती मिळाली तर तीही सांग. आठवडाभरापूर्वी मृतांची यादी ऐकलेल्या मुलांना मग आपोआप दिसेल की ही माणसंही तसल्याच घरांतून आली.

१ ते ८ नोव्हेंबरपर्यंत कबरस्थानात जाऊन मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्यांना, पापनिवेदन, ख्रिस्तप्रसाद आणि पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना या नेहमीच्या अटी पाळून, मृतांना लागू पडणारी पूर्ण दंडमुक्ती, म्हणजे पापांबद्दल भोगायच्या शिक्षेतून सुटका, मिळते. ही सूचना रविवारी वाचायला फादरांना आठवण कर, दरवर्षी ती राहून जाते.

तो परिच्छेद काढ. त्याजागी दोन ओळी पुरे: वर्षभरात आपल्यातून गेलेल्यांना आपण देवाच्या दयेवर सोपवतो आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करायला जमलो आहोत. मग लगेच नावं. यादी आठवडाभर आधी फलकावर लाव, म्हणजे चुका लोकच दाखवतील.

माझ्या थोरल्या भावाचं नाव यंदाच्या यादीत येईल. त्याला तू ओळखत होतीस, त्यामुळे त्याच्याबद्दल गोड काही लिहायचा मोह तुला होणार नाही अशी आशा आहे. घरी त्याला वेगळ्याच नावाने हाक मारायचे. तू बाप्तिस्म्याचं नाव लिही, नोंदवहीत तेच आहे. सुधारलेला मजकूर फादरांकडे देण्याआधी एकदा मला पाठव.

तुझी,
धर्मशिक्षणाची बाई