न उच्चारला जाणारा ‘के’

प्रश्न : माझी मुलगी सहावीत, सेमी-इंग्रजी वर्गात शिकते. ‘नी’ म्हणजे गुडघा, ‘नाइफ’ म्हणजे सुरी, ‘नो’ म्हणजे जाणणे, हे शब्द ‘के’ व ‘एन’ या अक्षरांनी सुरू होतात. ‘के’ उच्चारायचा नसेल तर लिहायचा कशाला, असे ती विचारते.
– एक पालक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : मुलीची शंका रास्त आहे. जुन्या इंग्रजीत हा ‘क’ स्पष्ट उच्चारला जात असे. जर्मन भाषेत गुडघ्याला आजही ‘क्नी’च म्हणतात. विल्यम कॅक्स्टन यांनी १४७६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये छापखाना सुरू केल्यानंतर शब्दांचे लेखन हळूहळू स्थिरावत गेले, उच्चार मात्र बदलतच राहिला आणि पुढे ‘क’ बोलण्यातून गळून पडला.

मला याहून मोलाचे वाटते ते या शब्दांचे आपल्याशी असलेले नाते. ‘नो’ आणि संस्कृतातील ‘ज्ञा’ हा धातू एकाच प्राचीन मुळातून आले आहेत, तसेच ‘नी’ आणि ‘जानु’ हेही. ‘आजानुबाहू’मधला जानु तो हाच. आपणही ‘ज्ञान’ लिहितो आणि ‘द्न्यान’ म्हणतो, हे तिला अवश्य दाखवावे. ‘नॉक’, ‘नॉट’ म्हणजे गाठ, आणि ‘नाइट’ म्हणजे सरदार, हे शब्दही तिने याच ओळीत लिहून ठेवावेत.