वाचकांचे प्रश्न: सुनेच्या पूर्वजांना दोन-दोन आडनावं कशी?

प्रश्न: माझी सून अमेरिकेतली, मॅसॅच्युसेट्सची, तिच्या आईकडचे लोक मूळचे कॅनडातल्या क्विबेकचे. नातवासाठी दोन्हीकडची वंशावळ करून ठेवावी म्हटलं. आमची बाजू त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत मिळाली, पार गायकवाडीत नोकरीला आलेल्या खापरपणजोबांपर्यंत, पण सुनेच्या बाजूला मी साफ अडकलेय. दोन सख्खे भाऊ, एक मिव्हिल तर दुसरा देशेन. मुलगे सगळे जोसेफ, मुली सगळ्या मारी. आणि बायकांची आडनावं मरेपर्यंत माहेरचीच! आमचे हे म्हणतात, लग्नं तरी झाली होती का यांची?
– एक आजी, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर: झाली होती हो आजी, चर्चमध्ये रीतसर झाली होती, आणि त्याच लग्नांच्या नोंदी तुम्हाला पुढे नेणार आहेत. आजोबांना सांगा, तिकडे नोंदींमध्ये बाई लग्नानंतरही माहेरच्या आडनावानेच असते, दफनाच्या नोंदीतसुद्धा. हल्लीच्या क्विबेकात तर 1981 पासून कायद्यानेच बाईचं नाव लग्नाने बदलत नाही. वंशावळ करणाऱ्याला याचा केवढा फायदा, आपल्याकडे आजीचं माहेर शोधताना नाकी नऊ येतात!

आता भावांचं. जुन्या कागदात दोन आडनावांच्या मध्ये डी-आय-टी अशी तीन अक्षरं दिसतील, फ्रेंच उच्चार ‘दी’, म्हणजे ‘उर्फ’. मिव्हिल दी देशेन. आपल्याकडे कसं एकाच घराण्यात एक भाऊ कुलकर्णी लावतो आणि दुसरा गावावरून पडलेलं नाव, तसंच. हे दुसरं नाव कधी जमिनीवरून, कधी मूळ गावावरून, आणि बरेचदा फौजेतून आलेलं, कारण 1665 साली फ्रान्सहून कारिन्यां-सालिएर पलटण आली, साधारण 1200 शिपाई, त्यातले चारएकशे तिथेच राहिले आणि लाफ्लर, सांसूसी असली फौजेतली टोपणनावं त्यांच्या पोराबाळांची आडनावं होऊन बसली. पुढच्या पिढ्यांत कोणी पहिलं ठेवलं, कोणी दुसरं, कोणी कागदागणिक बदलत राहिलं. म्हणून शोधताना कायम दोन्ही टाकून बघायचं, एकावर थांबलात की अर्धं घराणं हातचं गेलं.

जोसेफ आणि मारी ही बाप्तिस्म्याची नावं. मुलाला पुढे जोसेफ, मुलीला मारी, मग बरेचदा धर्मपिता किंवा धर्ममाता (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणारे) यांचं नाव, आणि हाक मारायचं नाव बहुधा शेवटी. बहुधा म्हणतेय, नेहमी नाही. मूल लहानपणीच गेलं तर तेच नाव पुढच्या बाळाला द्यायचे, तेव्हा एका घरात दोन पिएर दिसले की चूक समजून एकाला खोडू नका, आधी दफनाच्या नोंदी बघा.

रस्ता असा, लग्नावरून लग्नावर उडी मारायची. लग्नाच्या नोंदीत सहसा नवरानवरी दोघांच्याही आईवडिलांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनाव धरून, की लगेच त्या आईवडिलांचं लग्न शोधायचं. लग्न बहुतेक वेळा नवरीच्या पॅरिशमध्ये, म्हणजे तिच्या चर्चच्या हद्दीत व्हायचं. विधवा असेल तर आईवडिलांऐवजी आधीच्या नवऱ्याचंच नाव असू शकतं, तिथे पहिलं लग्न शोधावं लागतं. क्विबेकची चर्चची रजिस्टरं 1621 पासूनची आहेत, फॅमिलीसर्च या वेबसाइटवर फुकट बघता येतात. आबे (म्हणजे पाद्री) तांग्वे यांचा सात खंडांचा वंशकोश आहे, 1871 ते 1890 मध्ये छापलेला, सुरुवातीला तो उपयोगी, पण त्यात चुका आहेत, मूळ नोंद बघितल्याशिवाय वंशावळीत काही लिहू नका.

मागे जात 1663 ते 1673 मधलं लग्न लागलं आणि नवरी फ्रान्सची निघाली, तर ती राजाने खर्च करून पाठवलेल्या पावणेआठशेच्या आसपास मुलींपैकी असू शकते, फी दु रुआ म्हणतात त्यांना. त्यांच्या याद्या तयार आहेत, ताडून बघा.

आणि अमेरिकेत येऊन गाडी थांबली तर? तिथल्या गिरण्यांत कामाला आलेल्या बऱ्याच लोकांनी नावं इंग्रजी करून टाकली, अर्थावरून ब्वाव्हेरचे ग्रीनवुड झाले, रुआचे किंग. म्हणून सुनेला आधी एवढंच विचारा की घरातलं कोण पहिल्यांदा सीमा ओलांडून आलं आणि त्याचं लग्न कुठे झालं, क्विबेकात की अमेरिकेत आल्यावर. क्विबेकात झालं असेल तर त्याच लग्नापासून सुरू करा.