सावित्री, यम आणि डोळ्यावरचा डबा

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही आठ जण, कॉलेज नुकतंच संपलंय, सत्यवान-सावित्रीवर अर्ध्या तासाचं गाण्याचं नाटक बसवतोय आणि ते व्हीआर हेडसेट लावून दाखवायचंय, म्हणजे बघणारा जंगलातच बसलाय असं वाटलं पाहिजे. एक मित्र म्हणतो याला ऑपेराच म्हणायचं. आजोबा म्हणतात पुराणाशी खेळ नको. हेडसेट चारच आहेत, तेपण उसने. करावं का?
– विश्रामबाग, सांगली

उत्तर : करा की. आजोबांना एवढंच विचारा, ५ नोव्हेंबर १८४३ ला आपल्याच सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं तो कशाशी खेळ होता? कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ बघून सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धनांना वाटलं आपल्याकडं पण असं काहीतरी व्हावं, आणि मग सूत्रधार पदं म्हणणार, पात्रं आपापलं भाषण जागेवर जुळवणार, राक्षस अलल्लडुर्र करत घुसणार असा सगळा थाट उभा राहिला. दचकवायला हेडसेट लागला नाही, मशाली आणि आरोळ्या पुरल्या.

ऑपेराचं म्हणाल तर आपल्या संगीत नाटकात माणसं बोलतात आणि मधे पद येतं, ऑपेरात बहुतेक सगळंच गाऊन, भांडण पण गाऊन. नाव काय द्यायचं ते द्या, पण पुराण आणि ऑपेरा हे नातं नवीन नाही, तिकडं सुरुवातच ग्रीक पुराणातून झाली. १६०७ साली इटलीत मांतुआला मोंतेवेर्दी या संगीतकाराचा ऑर्फेओ झाला, ऑर्फेओ म्हणजे ग्रीक पुराणातला ऑर्फियस. बायको मेली म्हणून हा गवई पाताळात जातो, गाऊन देवाला पाघळवतो, देव म्हणतो ने तिला, पण वर पोचेपर्यंत मागं वळून बघायचं नाही. तो बघतो आणि बायको परत जाते. आता गंमत अशी की पहिल्या संहितेत शेवटी चवताळलेल्या बायका येतात, १६०९ ला छापलं तेव्हा अपोलो येऊन त्याला स्वर्गात नेतो, आणि १७६२ साली ग्लुक या संगीतकारानं तर त्याच गोष्टीवरच्या आपल्या ऑपेरात बायकोच जिवंत करून दिली. एका गोष्टीचे तीन शेवट! आजोबांना हेपण सांगा, चहा देऊन सांगा.

खरी गंमत पुढं आहे. ऑर्फियस पुढं चालतो आणि बायको मागं. आपल्याकडं यम पुढं चालतो आणि सावित्री मागं. ऑर्फियस वळून बघतो म्हणून हरतो, सावित्री मागं मागं चालत बोलत राहते म्हणून जिंकते. वनपर्वातली गोष्ट आहे, एकेक वर मागत शेवटी शंभर पुत्रांच्या वरात यमाला अडकवते. हेडसेटला एक गोष्ट कळते जी नाट्यगृहातल्या खुर्चीला कळत नाही, बघणाऱ्याची मान कुठं वळली ती. तर तेच वापरा. माणूस झाडं, पाखरं, आकाश बघत बसला की यमाचा आवाज लांब जायला लागू दे, परत यमाच्या पाठीकडं बघितलं की जवळ. मग सावित्रीची चिकाटी बघणाऱ्याच्याच मानेत येईल. हे नसेल तर नुसतं गोल फिरणारं जंगल दाखवून उपयोग नाही, तेवढं जंगल तर चांदोलीत फुकट आहे (फुकट नाही, तिकीट आहे, पण कळलं ना).

आणि पैसे चित्रावर घालू नका, आवाजावर घाला. गुस्ताव होल्स्ट नावाच्या इंग्रज संगीतकारानं, हो ग्रहांवरच्या संगीतवालाच, संस्कृत शिकून सावित्रीवर ऑपेरा लिहिला, १९१६ ला लंडनमधे पहिल्यांदा झाला. तीनच पात्रं, वेळ साधारण अर्धा तास म्हणजे तुमच्याएवढाच, आणि सुरुवात कशी तर वाद्यं गप्प, मृत्यू दिसत नाही, फक्त त्याचा आवाज येतो. न दिसणारा यम जास्त भीती घालतो, रेडा आणि मुकुट दाखवला की गणपतीतला देखावा होतो.

चार हेडसेटचं वाईट वाटून घेऊ नका. २०२३ ला जर्मनीत बायरॉइटला पार्सिफाल नावाचा ऑपेरा झाला तेव्हा एवढ्या मोठ्या थिएटरात एआर चष्मे (समोरच्या खऱ्या दृश्यावर वरून चित्रं दाखवणारे) मिळाले ३३० जणांना, बाकीच्यांनी साधं बघितलं. तुम्ही चौघांना हेडसेट द्या, बाकीच्यांना अंधार आणि साधे हेडफोन. मातीचं किंवा थर्माकोलचं डोकं करा, कानाच्या पाळ्यांसकट, दोन्ही कानांत एकेक माइक लावा आणि पहाटे गाड्या सुरू व्हायच्या आत हरिपूरच्या संगमावर जाऊन रेकॉर्ड करा, कृष्णा-वारणेचं पाणी एका कानात आणि मागून येणारी पावलं दुसऱ्या. एका कानाला आवाज किंचित आधी पोचतो, त्या फरकावरून डोक्याला डावं-उजवं कळतं, आणि कानाच्या पाळीमुळं आवाज जरा बदलतो त्यावरून पुढचं-मागचं, म्हणून हेडफोनवरपण मागून कुणी आलं असं वाटतं.

प्रश्न : आमच्याकडं तंबोरे बनतात. आता नाटकवाले मोबाइलमधला तंबोरा लावतात. या व्हीआरमधे आमचं काय काम?
– मिरज

उत्तर : वरच्या सांगलीकरांना गाठा! मोबाइलमधला तंबोरा एकाच जागेवरून वाजतो आणि तोच तुकडा फिरून फिरून येतो. तुम्ही घोडीवर जवारी लावताना तारेखालचा दोरा इकडचा तिकडं सरकवला की सगळा नाद उघडतो, तो सरकवताना रेकॉर्ड करायला द्या. यम जवळ आल्यावर जवारी उघडत जाते असं केलं तर वेगळं म्युझिक लागणार पण नाही. २०२४ ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, बिल त्या हिशोबानं करा.

प्रश्न : आईला एका प्रदर्शनात तो व्हीआरचा डबा लावला आणि पाचव्या मिनिटाला मळमळलं. वय झालं म्हणून का?
– सातारा

उत्तर : वयाचं नाही हो. यवतेश्वर घाटात गाडीत मोबाइल बघितला की होतं ना, तसलंच, फक्त उलटं. डोळे म्हणतात मी चाललोय, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो बसलोय. मान वळल्यावर चित्र साधारण २० मिलिसेकंदात हललं नाही तरी तसंच होतं. आईंना बसवून दाखवा, मळमळलं की लगेच काढा. आणि विश्रामबागवाले, हे तुम्हीपण वाचा, बघणाऱ्याला चालवू नका, जंगल सरकवू नका. खुर्चीत बसवा आणि यमाला चालू दे.