पैसा आमचाच आहे, मग राजासारखं जगायचंय यात चूक काय?

ताई, माझं वय २५. खेड तालुक्यातली आमची तीन एकर जमीन रिंगरोडात गेली. मोबदल्याचे २ कोटी ४० लाख येणार आहेत. बी.कॉम. अर्धवट सोडलं. चाकणला ठेकेदाराकडून कंपनीत लागलो होतो, बारा-बारा तास उभं राहून हातात १४ हजार. तेही सोडलं. संपादनाचे कागद मात्र मीच जमवले, आमचे आणि भावकीतल्या आठ-दहा घरांचेही. आता वडील म्हणतात, शिरूरकडे जमीन घेऊ, उरलेले बँकेत ठेवू. मला फॉर्च्युनर हवी, बंगला हवा, लोकांनी शेठ म्हणावं असं जगणं हवं. काम नाही करायचं मला. बहीण हक्कसोडीवर सही करत नाही, त्यावरून घरात रोज भांडणं. पैसा आमचाच आहे, मग राजासारखं जगायचंय यात चूक काय?

प्रिय भावा,

चांगली गाडी हवीशी वाटण्यात काही चूक नाही. बारा तास राबवून १४ हजार टेकवणारी नोकरी सोडलीस, त्याबद्दलही मी तुला बोल लावणार नाही. मला काळजी वाटते ती तुझ्या हिशेबाची, आणि त्याहून जास्त तुझ्या बहिणीची.

२ कोटी ४० लाख तुझे एकट्याचे नाहीत. जमीन वडिलोपार्जित असेल तर वडील, आई, बहीण आणि तू असे चार वाटे धर. नेमकं काय ते वकिलाकडून समजून घे. तुझ्या वाट्याला ६० लाख. फॉर्च्युनर दारात उभी राहीपर्यंत त्यातले ४० लाख तरी गेले. उरलेल्यात बंगला होत नाही. मग कर्ज. ३० लाखांचं कर्ज सात वर्षांसाठी नऊ टक्क्यांनी काढलंस तर महिन्याचा हप्ता ४८ हजारांच्या आसपास बसतो. तो कोण भरणार? आणि गाडीला हात न लावता सगळे ६० लाख साडेसहा टक्क्यांनी ठेवलेस, तर महिन्याला साडेबत्तीस हजार येतात. त्यात साधं घर चालतं, शेठपण चालत नाही. दहा वर्षांनी महागाई त्यातलाही मोठा घास घेईल, तेव्हा तू जेमतेम पस्तीस वर्षांचा असशील.

ऑप्शन ट्रेडिंगचं वेड डोक्यात शिरण्याआधीच सांगते. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२४ मध्ये तीन वर्षांचे आकडे तपासले, तेव्हा या बाजारात फ्युचर्स-ऑप्शन्सचे सौदे करणाऱ्या १०० सामान्य माणसांतली ९३ तोट्यात होती.

मोबदला इतका मोठा का असतो, याचा विचार कर. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात ग्रामीण भागातल्या जमिनीच्या बाजारभावाला गुणक लावतात आणि त्यावर तेवढीच दिलासा रक्कम देतात. कारण घराचं कमाईचं साधन कायमचं जातं. तुझ्या मुलांना त्या जमिनीतून जे मिळालं असतं, तेही याच पैशात धरलेलं आहे. वडिलांना शिरूरची जमीन का हवी, हे आता तरी लक्षात येतंय का? महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर शेतकरी असावं लागतं. सातबाऱ्यावर घराचं नाव राहावं, एवढीच त्यांची धडपड आहे. तिला जुनाट म्हणू नकोस.

हडपसरला मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी ४०० एकरांहून जास्त जमीन एकत्र आणली. जमीन विकून मोकळे न होता ते कंपनीचे भागधारक झाले, आणि घरातली कितीतरी पोरं तिथल्याच बांधकामाची लहान-मोठी कंत्राटं घेऊन कामाला लागली. आज त्यांच्याकडेही मोठ्या गाड्या असतील. मला त्याचा आनंदच आहे.

तुझ्या पत्रातली मला सगळ्यांत आवडलेली ओळ तू जाता जाता लिहिली आहेस. आठ-दहा घरांचे कागद तू जमवलेस. सातबारा, फेरफार, मोजणी, वारसनोंद, तलाठ्यापासून प्रांत कार्यालयापर्यंतच्या खेपा. हे सगळ्यांना जमत नाही, भावा! भल्या भल्या शिकलेल्या माणसांना फेरफार वाचता येत नाही. ज्या म्हाताऱ्या चुलत्याच्या वारसनोंदीतली चूक तू पकडली असशील, तो तुला शेठ म्हणत नसेल, पण तू दारात गेलास तर तो उठून बसायला जागा देतो की नाही? तुला हवा आहे तो मान तिथे आहे, आणि तो तू कामानेच मिळवला आहेस. बी.कॉम. पूर्ण कर. जमिनीची कामं बघणाऱ्या एखाद्या चांगल्या वकिलाकडे वर्षभर हाताखाली राहा. जमलं तर पुढे कायद्याची पदवी घे. रिंगरोडाच्या पट्ट्यात असं काम जाणणाऱ्या प्रामाणिक माणसाची गरज घराघरात आहे.

आता बहीण. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये सगळ्या देशाने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. तिने सही केली नाही म्हणून तिला लोभी ठरवणं मला अजिबात मान्य नाही. तू न कमावलेल्या पैशावर ऐटीत जगू पाहतोस आणि त्यासाठी तिने स्वतःचं सोडावं असं म्हणतोस, हे मला फार लागलं. माहेर तुटलं की बाईचं काय तुटतं, ते मी या सदरात येणाऱ्या पत्रांतून वाचते.

पैसे खात्यावर आले की सहा महिने कशालाही हात लावायचा नाही, असं घरात ठरवा. पण बहिणीसाठी सहा महिने थांबू नकोस. या रविवारी तिच्याकडे जा. दाजींसमोर नको, तिच्या एकटीशी बोल. हक्कसोडीचा कागद सोबत नेऊ नकोस, आणि तिचा वाटा तिच्याच खात्यावर जाईल हे तू स्वतः तिला सांग.

तुझी ताई