बिनपत्त्याच्या वस्तीत दोन रात्री

या वेळच्या पत्रांत एकाच जागेचं नाव पुन्हा पुन्हा आलं: स्लॅब सिटी. आपल्या भागातली मुलं कॅलिफोर्नियात नोकरीला आहेत, आईवडील थंडीत त्यांच्याकडे जातात आणि भाड्याची कॅम्पर गाडी (आत राहायची-झोपायची सोय असलेली) काढून ही वस्ती बघायचा बेत ठरतो. नाव न ऐकलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला इंपीरियल काउंटीत नायलंड नावाचं छोटं गाव आहे. त्याच्या पूर्वेला वाळवंटात १९४२ मध्ये मरीन दलाची कॅम्प डनलॅप ही छावणी उभी राहिली. युद्ध संपल्यावर इमारती काढून नेल्या, खालचे काँक्रीटचे चौथरे (स्लॅब) मात्र तसेच राहिले आणि त्यांच्यावरच ही वस्ती वसली. जमीन राज्य सरकारची, राहणाऱ्यांकडे कसलेही कागद नाहीत. नळ नाही, वीज नाही, गटार नाही, घंटागाडी नाही. कणकुंबीत पावसाळ्यातल्या एका जोरदार दिवशी पडतो तेवढा पाऊस तिथे अख्ख्या वर्षात पडतो.

मुलगी आणि जावई सॅन दिएगोला असतात. डिसेंबरअखेर आम्ही दोघं आणि ते दोघं मिळून दोन रात्री राहणार आहोत. गाडीत दीडशे लिटरची टाकी आहे, मग पाणी वेगळं कशाला, असं जावई म्हणतात. बरोबर आहे का? (वडगाव, बेळगाव)

जावयांचं अर्धं बरोबर आहे. टाकीतलं पाणी भांडी, हात-तोंड आणि संडासासाठी ठेवा. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं कॅनमधून न्या. भाड्याच्या गाडीची टाकी शेवटची कधी धुतली हे कुणी सांगू शकत नाही, आणि पंपाचा फ्यूज उडाला की टाकी भरलेली असूनही नळ कोरडा. (तसं झालंच तर गाडीच्या पोटाखाली पाणी सोडायचा छोटा कॉक असतो. तो कुठे आहे हे गाडी ताब्यात घेतानाच विचारून ठेवा.)

हिशेब असा करा. माणशी रोज ४ लिटर फक्त पिण्याचं. थंडीतही एवढं लागतं, कारण हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर दिसायच्या आत उडून जातो आणि तहान उशिरा कळते. दोन रात्री म्हणजे तीन दिवस, वर एक दिवस राखीव. चार माणसं, चार दिवस, ४ लिटर, म्हणजे ६४ लिटर. तिकडे ५ गॅलनचे कॅन मिळतात, एकात जवळपास १९ लिटर बसतं. असे पाच घ्या, त्यात भात-आमटीचंही भागेल. सगळे एकाच कप्प्यात रचू नका. एक फुटला तर बाकीच्यांच्या बुडाशी ओल येते आणि गळती नेमकी कुठली, ते रात्री शोधत बसावं लागतं.

पण खरी अडचण आणलेल्या पाण्याची नसते, वापरलेल्या पाण्याची असते. गाडीखाली दोन टाक्या असतात. बेसिनचं सांडपाणी करड्या टाकीत जातं, संडासाचं काळ्या टाकीत. काळी टाकी साधारण ३० गॅलनची, म्हणजे ११० लिटरच्या आसपास. ती कागद वापरणाऱ्या लोकांच्या हिशेबाने केलेली असते. आपल्याकडे लोटा लागतो. चार माणसं, दिवसातून पाच खेपा, प्रत्येक वेळी लिटरभर लोट्याचं आणि लिटरभर फ्लशचं धरलं, तर दिवसाला ४० लिटर झाले. तिसऱ्या दिवशी टाकी काठोकाठ. म्हणून लोट्याऐवजी अर्ध्या लिटरची, बारीक तोंडाची दाबायची बाटली ठेवा. नुसत्या लघवीला फ्लशचं पेडल क्षणभरच दाबा. निघण्याआधी रिकाम्या टाकीत सातआठ लिटर पाणी ओता, नाहीतर मैला भांड्याखालीच डोंगरासारखा साचतो आणि टाकी रिकामी असूनही तुंबते. भिंतीवरच्या पातळी दाखवणाऱ्या दिव्यांवर विसंबू नका. सेन्सरला कागद चिकटला की ते दिवे काहीही सांगतात. टॉर्च लावून भांड्यातून खाली बघणं हा ओंगळ पण खात्रीचा उपाय.

टाकी वाळूत सोडणं हा गुन्हा आहे, करडी सोडणंही. वस्तीत रिकामी करायची सोय नाही. वाटेवरच्या एखाद्या आर.व्ही. पार्कमध्ये (अशा गाड्यांच्या तळावर) पैसे देऊन सोडावी लागते. आधी काळी, मग करडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. हातमोजे विसरू नका.

गाडीत १२ व्होल्टची, १०० अँपिअर-अवरची एकच बॅटरी आहे. रात्रभर हीटर चालेल का? हीटर गॅसवर आहे, मग बॅटरीचा संबंध काय? (उद्यमबाग, बेळगाव)

गॅस जळतो, पण गरम हवा ढकलायला पंखा लागतो. तो चालू असताना ७ ते ८ अँपिअर ओढतो (एक अँपिअर तासभर ओढला की एक अँपिअर-अवर खर्च). डिसेंबरात तिथे सूर्य पावणेपाचच्या आत मावळतो आणि पहाटे पारा पाच-सहा अंशांवर येऊ शकतो. बारा तासांत पंखा निम्मा वेळ फिरला तरी ४५ अँपिअर-अवर गेले. साध्या लेड-ॲसिड बॅटरीतून निम्म्यापेक्षा जास्त काढायचं नसतं, म्हणजे तुमच्या हातात ५० आहेत. एका रात्रीत संपलं. दिवे, पंप आणि फ्रिजचं नियंत्रण वेगळंच.

साधा मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) न्या. बॅटरीवरचं सगळं बंद करून थोडा वेळ थांबल्यावर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवलं तर बॅटरी पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. १२.० च्या खाली रोज नेली तर बॅटरीचं आयुष्य घटतं, आणि पहाटे पंखा मंदावून हीटर लागतच नाही. थर्मोस्टॅट (हीटरचं तापमान ठरवणारं बटण) १३-१४ अंशांवर ठेवा, अंगावर जाड रजया घ्या, आणि संध्याकाळी व सकाळी जनरेटर दोन-दोन तास चालवा. घाईने बॅटरी भरत नाही. शेवटचा भाग ती सावकाशच घेते.

गाडीतल्या जनरेटरला इंधन मोठ्या टाकीतूनच मिळतं, आणि टाकी पावाच्या आसपास आली की तो आपोआप बंद पडतो. तो बिघाड नव्हे. गाडी परत जाऊ शकावी म्हणून ओढायची नळीच तेवढ्या उंचीवर ठेवलेली असते. वस्तीत शिरण्याआधी ब्रॉली किंवा कॅलिपॅट्रिया या वाटेवरच्या गावांत टाकी भरून घ्या.

झोपताना जनरेटर बंद म्हणजे बंद. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. वारा फिरला की धूर आपल्याच खिडकीतून आत येतो, किंवा शेजारच्या गाडीचा येतो. सगळ्यांचं डोकं एकाच वेळी दुखायला लागलं, मळमळलं, तर ते जेवणाने झालेलं नाही. आधी सगळे बाहेर पडा, मग विचार करा. कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मवर मुदत छापलेली असते. ती बघा आणि बटण दाबून आवाज येतो का तपासा.

तिथे सुनेला पुरणपोळी आणि तांबडा रस्सा करून घालायचा आहे. मिक्सर बॅगेतून न्यावा का? (संकेश्वर)

मिक्सर नेऊ नका. तिकडे वीज १२० व्होल्टची, आपला मिक्सर २३० व्होल्टचा. मोटर नुसती कण्हत राहते. मोबाइलचे चार्जर चालतात, त्यांच्यावर १०० ते २४० लिहिलेलं असतं. पुरण घरी वाटून, डब्यात घालून फ्रिजमध्ये न्या. हा फ्रिज गॅसवर चालतो आणि गाडी एका बाजूला कललेली असेल तर नीट गार करत नाही. चाकाखाली फळ्या सरकवून गाडी आधी समतल करा. ओट्यावर पाण्याची वाटी ठेवली की कल लगेच कळतो.

आता फोडणीचं. संकेश्वरी मिरचीची फोडणी कॅम्परच्या एवढ्याशा खोलीत बसली की धुराचा अलार्म किंचाळणारच. मग कुणीतरी वैतागून त्याचा सेल काढतं आणि रात्री परत बसवायला विसरतं. अपघात असेच होतात. फोडणीआधी छताची खिडकी उघडा, पंखा लावा. जोरदार फोडणी करायचीच असेल तर बाहेर छोटी शेगडी मांडा, वारा नसेल तेव्हा आणि गाडीपासून तीनचार मीटर लांब. गॅसगळतीचा अलार्म जमिनीलगत असतो, कारण प्रोपेन (गाडीतला गॅस) हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. त्याच्यासमोर पिशव्या रचू नका. रश्श्याची भांडी धुण्याआधी कागदाने पुसून घ्या. तवंग करड्या टाकीत गेला की दोन दिवसांत गाडीभर वास.

तिथले लोक कसे आहेत? चोऱ्यामाऱ्या होतात म्हणे. (निपाणी)

सगळ्या तऱ्हेचे आहेत. पेन्शनीतली म्हातारी जोडपी थंडीपुरती येतात, काही कलाकार आहेत, काही जण दुसरीकडे राहणं परवडत नाही म्हणून आहेत, आणि व्यसनात बुडालेलेही आहेत. दिवसा फिरणाऱ्या पाहुण्याला सहसा कुणी त्रास देत नाही. सुटं सामान मात्र नाहीसं होतं. जनरेटर, गॅसची टाकी, सायकल, खुर्च्या रात्री आत घ्या किंवा साखळीने बांधा.

कागद नसले तरी प्रत्येकाची हद्द असते. टायरांची रांग, लाकडी पॅलेट, दगड किंवा नुसती दोरी. ती ओलांडणं म्हणजे कुणाच्या तरी अंगणात न विचारता शिरणं. लांबूनच हाक मारा, उत्तर आलं तर पुढे जा. मोकळे कुत्रे खूप आहेत. पळू नका, उभे राहा, मालकाला आवाज द्या. माणसांचे, त्यांच्या झोपड्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. जागेचं भाडं म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. मुक्कामाला तिथे शुल्क नाही.

बघण्यासारखं दोन ठिकाणी आहे. वेशीवरचा सॅल्व्हेशन माउंटन लेनर्ड नाइट यांनी माती, गवताचा पेंढा आणि रंग यांतून अनेक वर्षं रचला. ते २०१४ मध्ये गेले. रंगाच्या पोपड्यावर पाय पडला की आतली माती उघडी पडते, म्हणून आखून दिलेल्या वाटेवरच थांबा. दुसरं ईस्ट जीझस, टाकाऊ वस्तूंचं उघड्यावरचं कलादालन. दुपारी दोनच्या आत पोहोचा. मुक्कामाची जागा उजेडातच पायी फिरून बघायची असते.

आईचं वय ७२, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. नातवंडांच्या सुट्टीत, मे महिन्यात गेलं तर? (चिकोडी)

नको. मेमध्ये पारा चाळिशीला सहज भिडतो आणि पुढच्या दोन महिन्यांत ४८-४९ पर्यंत जाऊ शकतो. कॅम्पर म्हणजे पत्र्याचा डबा. एसीला जनरेटर लागतो आणि तो बंद पडला की तासाभरात आत बसवत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवीवाटे पाणी जास्त जातं, त्यात वयोमानाने तहानही कमी लागते. डिसेंबर ते फेब्रुवारीत न्या, आणि तेव्हाही त्यांच्या डॉक्टरांना विचारून.

इस्पितळ ब्रॉलीला आहे, पस्तीसेक किलोमीटरवर. बेळगावहून खानापूर ओलांडून थोडं पुढं गेल्यासारखं, फक्त वाटेत कॅलिपॅट्रियासारखी छोटी गावं सोडली तर जवळजवळ काही नाही. मदतीचा नंबर ९११, पण फोनची रेंज दर ठिकाणी मिळेलच असं नाही. नकाशा आधी उतरवून घ्या. ओआरएसची पाकिटं न्या. ती संपली तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ. कुणी उन्हाने बरळायला लागलं तर आधी सावली, ओली फडकी मानेला, काखेत, जांघेत, आणि जोराचा वारा. शुद्ध हरपत असलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. दम्याच्या माणसाने पंप खिशात ठेवावा, कारण सॉल्टन सी हे जवळचं खारं सरोवर आटत चाललंय आणि त्याच्या तळाची धूळ वाऱ्याबरोबर येते.

जवळ कालवा आहे ना? पोरं कृष्णेत पोहलेली आहेत. (अथणी)

कोचेला कालव्यात उतरू देऊ नका. कृष्णेला काठ आहे, घाट आहे. कालव्याच्या बाजू उताराच्या, काँक्रीटच्या आणि शेवाळलेल्या. आत घसरलेल्याला चांगलं पोहता येत असलं तरी वर चढता येत नाही. त्याच्या पलीकडचा डोंगराळ भाग चॉकलेट माउंटन या हवाई बाँबफेकीच्या सरावाचा आहे. न फुटलेला दारूगोळा पडलेला असतो. वाळूत लोखंडी काही दिसलं तर उचलायचं नाही, लाथही मारायची नाही.

गाडी वाळूत रुतली तर? आणि आपलं लायसन्स तिकडे चालतं का? (खानापूर)

आपल्याकडे चिखलात रुतलेल्या गाडीला रेस देतात, वाळूत ते करू नका. चाक जागच्या जागी फिरलं की खाली बसतं, आणि एवढ्या वजनाची गाडी दोन मिनिटांत ॲक्सलवर टेकते. थांबा. चाकांपुढची आणि मागची वाळू फावड्याने उकरून उताराची चरी करा, चाकाला टेकून फळ्या किंवा पायपुसणी घाला, आणि आलात त्याच वाटेने मागे, अगदी सावकाश. भाड्याच्या गाडीत बऱ्याचदा स्टेपनी नसते, आणि वस्तीत जळक्या लाकडांतले खिळे, काचा सगळीकडे आहेत. चौथऱ्यावर किंवा घट्ट खडीवरच लावा. कोरड्या ओढ्याच्या पात्रात तर मुळीच नको. लांब डोंगरात पडलेला पाऊस इथे निळ्या आभाळाखाली येऊन धडकतो. कच्च्या रस्त्यावर गाडी नेली तर विमा लागू नाही, असं कलम भाडेकरारात असतं का, ते सही करण्याआधी वाचा.

कॅलिफोर्नियात १८ वर्षांवरच्या पाहुण्याला आपल्या देशाच्या चालू लायसन्सवर गाडी चालवता येते. पण भाड्याने देणाऱ्या कंपन्या आंतरराष्ट्रीय परमिट मागू शकतात. ते तुमच्या आरटीओतूनच मिळतं. लायसन्स, पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती लागतात, मुदत एक वर्षाची. मूळ लायसन्सही सोबत न्या. त्याच्याशिवाय नुसत्या परमिटला किंमत नाही.