टायटॅनियमवर पीझेडटीचा जाड थर वाढवताना अल्ट्रासाऊंडचा उपयोग होतो का?

तुमची अडचण थोडक्यात अशी: टायटॅनियमच्या पत्र्यावर हायड्रोथर्मल पद्धतीने (म्हणजे बंद भांड्यातल्या तापलेल्या द्रावणातून) पीझेडटी (लेड झिर्कोनेट टायटॅनेट, दाबलं की विद्युतभार देणारं सिरॅमिक) वाढवताय, काही मायक्रॉननंतर थर वाढतच नाही आणि नखाने घासला की पूड निघते. द्रावणात अल्ट्रासाऊंड सोडून हे सुटेल का?

सुटेल, पण आधी थर कशामुळे अडतो ते पाहू. पहिल्या टप्प्यात टायटॅनियम पत्र्यातूनच येतं. पत्रा स्फटिकांनी झाकला गेला की तो पुरवठा बंद होतो, म्हणून पुढच्या टप्प्यात टायटॅनियम टेट्राक्लोराइड बाहेरून द्यावं लागतं. ते दिलं की स्फटिक द्रावणातही तयार होतात, पत्र्यावर येऊन बसतात आणि पुढचा थर त्या सैल कणांवर वाढतो. नखाला लागते ती पूड हीच. अल्ट्रासाऊंडचं खरं काम इथे आहे: असे कण टिकू न देणं आणि पृष्ठभागालगतचं, घटक संपत आलेलं द्रावण हलतं ठेवणं. रासायनिक क्रिया वेगाने होईल या आशेने मात्र तो लावू नका.

द्रावण कालवण्याचा क्रम चुकला तर अल्ट्रासाऊंडही काही करू शकत नाही. लेड नायट्रेट आणि झिर्कोनिल क्लोराइड आधी एकत्र केलं तर पांढरं लेड क्लोराइड खाली बसतं. म्हणून लेड नायट्रेट पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये आधी विरघळवा, मग ढवळत ढवळत झिर्कोनियम घाला. टेट्राक्लोराइड बर्फात ठेवलेल्या पाण्यात थेंबथेंब, धूरकक्षातच. हायड्रॉक्साइडची अंतिम तीव्रता ४ मोल प्रति लिटरपासून सुरू करा. पाणी उकळून गार केलेलं आणि हायड्रॉक्साइड ताजं हवं. हवेतला कार्बन डायऑक्साइड शिरला की लेड कार्बोनेट बनतं. पहिला टप्पा १६० अंश सेल्सिअसला २४ तास, पुढचे १४० अंशांना, आणि दर फेरीला नवं द्रावण. एकाच फेरीत जाडी गाठायचा हट्ट नको. द्रावणातला माल संपतो, वाढ थांबते.

आता यंत्रणा. २८ किलोहर्ट्झचा बोल्टने आवळलेला लँजेव्हिन ट्रान्सड्यूसर (विजेचं कंपन करणारा भाग) ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे दाब सोसणाऱ्या बंद भांड्याच्या, बाहेर ठेवा, त्यावर पंख्याची हवा सोडा, आणि आत फक्त हॉर्न (कंपन द्रावणात नेणारा धातूचा दांडा) जाऊ द्या. हॉर्नचा फ्लँज (झाकणाला बसणारी कडा) कंपनाच्या निस्पंदावर, म्हणजे जिथे हालचाल शून्य असते तिथेच धरायचा. नाहीतर सगळी शक्ती झाकणात जाते आणि सीलही गळतं. पोलादात किंवा टायटॅनियममध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५००० मीटर धरला तर अर्ध्या तरंगलांबीचा हॉर्न साधारण ९ सेंटिमीटरचा येतो. हॉर्न टायटॅनियमचा घेऊ नका: पत्र्यावर वाढतं तेच पीझेडटी त्याच्या टोकावरही वाढतं आणि अनुनाद सरकतो. स्टेनलेस चालतो, पण टोक दर फेरीनंतर भिंगाखाली पाहा. तापल्यावर धातू मऊ पडतो, अनुनाद वारंवारता खाली येते. गार असताना जुळवलेला जनरेटर १४० अंशांना चुकीच्या जागी चालत असतो. वारंवारतेचा आपोआप माग घेणारा जनरेटर नसेल तर इष्ट तापमान गाठल्यावर हाताने पुन्हा जुळवा.

बंद भांड्यात १४० अंशांना वाफेचा दाब ३.६ बारच्या आसपास, १६० अंशांना ६.२ बार. द्रावण स्वतःच्याच वाफेच्या दाबाखाली असेल तर कॅव्हिटेशनचे (अल्ट्रासाऊंडमुळे द्रावणात उठून मिटणारे) बुडबुडे वाफेने भरतात आणि मिटताना गादीवर पडल्यासारखे मिटतात, धक्का उरत नाही. वरून थोडा नायट्रोजनचा दाब दिला की ते जोराने मिटतात. फार दिला तर मात्र ते तयारच होत नाहीत. हा समतोल प्रत्येक भांड्यात वेगळा असतो, आणि चाचण्यांचा बहुतेक वेळ याच्यावरच घालवावा असं माझं मत आहे. पाण्यात या वारंवारतेला तरंगलांबी ५ सेंटिमीटरच्या आसपास येते, तेव्हा पत्रा एक सेंटिमीटर सरकवला तरी निकाल बदलतो. अंतर मोजून लिहून ठेवा.

शक्ती जास्त झाली की ओळखू येते: हॉर्नसमोरच्या भागात थराला गोल खड्डे पडतात आणि खालचा करडा धातू दिसतो. कडेला थर जाड आणि मध्ये पातळ असेल तर दोष रसायनाचा नाही, शक्ती उतरवा किंवा पत्रा मागे घ्या. पहिल्या टप्प्यात तर शक्ती कमीच ठेवा, केंद्रकं (स्फटिकांचे पहिले अंकुर) अजून नीट रुजलेली नसतात.

फेरी संपली की विरल ॲसेटिक आम्लात काही मिनिटं (कार्बोनेट जातं), मग शुद्ध पाण्यात धुवा, १५० अंशांना वाळवा आणि तोला. सच्छिद्र नसलेलं पीझेडटी घन सेंटिमीटरला साडेसात ग्रॅमच्या वर भरतं, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर १० मायक्रॉनला साडेसात मिलिग्रॅम. छेद घेऊन जाडी मोजा आणि वजनाशी ताडून पाहा. वजन बरंच कमी भरलं तर थर पोकळ आहे, त्यावर सोन्याचा इलेक्ट्रोड चढवला की शॉर्ट होण्याची भीती. पोलिंगची (विद्युतदाब देऊन थराचं ध्रुवीकरण एका दिशेला लावण्याची) घाई करू नका: क्यूरी तापमानाच्या (ज्याच्या वर हे ध्रुवीकरण नाहीसं होतं त्या तापमानाच्या) बऱ्याच खाली वाढल्यामुळे हा थर बहुधा आधीच ध्रुवीकृत असतो, आधी तसाच मोजून पाहा.

आणि शिशाचं वापरलेलं द्रावण सिंकमध्ये कधीच ओतू नका, वेगळ्या कॅनमध्ये साठवून घातक कचऱ्यात द्या.