हूड नंतर, आधी चासी बघा: स्वस्तातल्या जुन्या उघड्या गाड्यांविषयी वाचकांचे प्रश्न

पावसाळा सरत आला की जुन्या उघड्या गाड्यांची चौकशी वाढते. या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत बजेट तीन ते सहा लाखांचं आहे आणि जवळजवळ प्रत्येकाने गाडीचे फोटो जोडले आहेत. त्यांत नवं कापडी हूड आहे, जाड टायर आहेत, एलईडीची पट्टी आहे. चासीचा, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याचा, फोटो एकानेही पाठवलेला नाही. हूड, सीट, टायर हे सगळं पैसे टाकून बदलता येतं. कुजलेली चासी आणि चुकीचे कागद मात्र तुमच्या गळ्यातच राहतात. पुढची उत्तरं वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

बजेट पाच लाख. मारुती जिप्सी घ्यावी की जुनी थार? (नाशिक)

एकट्याने किंवा दोघांनी फिरायचं असेल, गाडी सोपी हवी असेल आणि पेट्रोलचा खर्च झेपणार असेल तर जिप्सी. घाट, एसी आणि लांबचे प्रवास मनात असतील तर २०१० ते २०२० या काळातली थार, आणि तीही २.५ लिटरची सीआरडीई, म्हणजे नव्या पद्धतीच्या कॉमन-रेल डिझेल इंजिनाची. त्याच थारचं डीआय इंजिन कमी ताकदीचं आणि जुन्या पद्धतीचं आहे. शेतावर ते चालून जातं, पण कसारा घाटात ट्रकच्या मागे अडकलात की त्याची ताकद कमी पडते.

जिप्सीत १९९६नंतरची किंग बघा. तिला १.३ लिटरचं इंजिन आहे. त्यातही २०००नंतरची एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारी, मिळाली तर उत्तम. कार्बोरेटरची जुनी जिप्सी २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेलीच नव्हती. तिचे इंधनाचे रबरी पाइप आणि गॅसकेट तपासून, गरज असेल तिथे बदलून मगच चालवा. जिप्सीला चारही चाकांना पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग) आहेत, त्यामुळे ती आपटते. हे ट्रायल मारताना कळतंच, पण सोबतच्या माणसाला मागे बसवून त्यालाही विचारा. मागच्या सीट आडव्या, समोरासमोर तोंड केलेल्या असतात. त्यांवर लहान मुलांना बसवून हायवेला जाऊ नका. जिप्सीत एअरबॅग नाहीत, पहिल्या थारमध्येही नाहीत.

पाच लाखांतले किमान एक लाख दुरुस्तीसाठी बाजूला काढा आणि चार लाखांचीच गाडी शोधा. सौदा ठरवण्याआधी एखाद्या चांगल्या गॅरेजमध्ये ती लिफ्टवर चढवून घ्या. विकणारा त्याला तयार नसेल तर तिथून निघा.

जिम्नीचं छप्पर काढता येतं का? (ठाणे)

नाही.

पुण्यात एक जुनी हॅचबॅक छप्पर कापून कन्व्हर्टिबल केलेली साडेतीन लाखांत मिळते आहे. गॅरेजवाला म्हणतो, ‘चासीला हात लावलेला नाही, आरसी क्लिअर आहे.’ घ्यावी का? (चिंचवड)

घेऊ नका. या एका प्रश्नाला मी सविस्तर उत्तर देणार आहे, कारण तो दर वर्षी येतो आणि प्रत्येक वेळी त्याच्यासोबत गॅरेजवाल्याचं हेच वाक्य असतं.

‘चासीला हात लावलेला नाही’ हे जीप, जिप्सी किंवा थारबद्दल बोलता येतं. त्या गाड्यांना खाली वेगळी शिडीसारखी चासी असते आणि बॉडी वर बसवलेली असते. छप्पर नसलं तरी सगळा भार खालची चासी पेलते, म्हणून कारखान्यातूनच त्या उघड्या निघतात. हॅचबॅक किंवा सेडानला अशी वेगळी चासीच नसते. तिचा तळ, दारांचे खांब, काचेची चौकट आणि छप्पर हे सगळं मिळून एक पेटी असते आणि ती पेटीच भार उचलते. छप्पर कापलं म्हणजे चासीच कापली.

कंपनी कन्व्हर्टिबल बनवते तेव्हा दाराखालचा उंबरठा जाड करते, तळाला आडवे पट्टे जोडते, पुढच्या काचेच्या चौकटीत मजबूत पोलाद भरते. त्याच मॉडेलची बंद गाडी बहुधा हलकी असते आणि कन्व्हर्टिबल जड, त्याचं कारण हेच. गल्लीतल्या गॅरेजमध्ये ग्राइंडरने छप्पर उडवतात, कडेला पाइप वेल्ड करतात, वर लांबी (पुट्टी) भरून रंग मारतात. महिन्याभरात दार अडकायला लागतं. मग दाराची बिजागरी घासून देतात आणि ‘आता सेट झाली’ म्हणतात.

याहून गंभीर गोष्ट सीटबेल्टची आहे. पुढच्या सीटच्या बेल्टचं वरचं टोक मधल्या खांबाला बोल्ट केलेलं असतं. छप्पर गेलं की त्या खांबाचं वरचं टोक मोकळं राहतं. अपघातात तुमच्या अंगाचा सगळा झटका बेल्टवर येतो, बेल्टचा खांबावर येतो आणि खांब वाकतो. गाडी उलटली तर डोक्यावर काहीच नाही. ज्या मॉडेलला पडद्याच्या एअरबॅग होत्या, त्या छपराच्या कडेतच असतात, म्हणजे त्याही छपरासोबत गेल्या. मी अपघातग्रस्त गाड्या तपासण्याचं काम करतो. अशा गाडीत तुमच्या घरचं कुणी बसलेलं मला बघायचं नाही.

आता ‘आरसी क्लिअर’ बद्दल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ नुसार असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडी घेतल्यावर मालक तुम्ही, त्यामुळे जाब आधी तुम्हालाच विचारला जाईल. आरसी क्लिअर दिसते, कारण तिच्यावर अजून बंद गाडीचीच नोंद आहे. पंधरा वर्षांनी फेरनोंदणीला न्याल तेव्हा निरीक्षक तिथेच थांबवेल. त्याआधी अपघात झाला तर विमा कंपनी हा बदल पुढे करून दावा नाकारू शकते.

‘फॅक्टरी कन्व्हर्टिबल’ असल्याचा दावा कुणी केला तर आरसीवरचं मॉडेल आणि बॉडीचा प्रकार वाचा, चासी क्रमांक कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नेऊन विचारा. घरच्या घरी करता येण्यासारखी एक तपासणीही आहे. गाडीचं मागचं एक चाक जॅकने थोडं उचला आणि दार उघडून बंद करा. दाराची फट डोळ्यांदेखत बदलत असेल तर बॉडी पिळली जाते आहे. इसार दिला असेल तर तो सोडून द्या. आणि गाडी घेऊनच टाकली असेल तर ती रस्त्यावर न आणता आधी आरटीओत आणि वकिलाकडे जा.

गोव्यात भाड्याने चाललेली थार बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त मिळते आहे. (सावंतवाडी)

स्वस्त का आहे ते नंबर प्लेटवर लिहिलेलं असतं. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे भाड्याने स्वतः चालवायला दिलेली गाडी. ती खासगी करून घ्यायला आधी परवाना परत करावा लागतो, मग वर्ग बदलून घ्यावा लागतो, नंतर एनओसी आणि तुमच्याकडची नोंदणी. ही सगळी कामं विकणाऱ्यानेच करून द्यावीत असं लेखी ठरवा. ‘एजंट बघेल’ या शब्दावर पैसे देऊ नका.

किनाऱ्यावरच्या गाडीला मीठ लागलेलं असतं. पहिल्या थारच्या पत्र्याला तसाही गंज लवकर धरतो. मॅट खाली असेल तर उचला, दाराचा खालचा काठ, मागच्या चाकाची कमान आणि पाट्यांच्या शॅकलजवळची (पाटे चासीला जोडणाऱ्या कडीजवळची) चासी बघा. ताजं, काळं, एकसारखं अंडरकोटिंग दिसलं तर आनंद मानू नका. विकायच्या आधल्या आठवड्यात ते बहुधा गंज झाकण्यासाठीच मारतात. छोट्या हातोडीने टिचक्या मारत जा. खणखणीत आवाज हवा. बद्द आवाज आला तर तिथला पत्रा गेलेला आहे. आणि हे काम कुडाळ-सावंतवाडीकडच्या एखाद्या जाणत्या पत्रेकाम करणाऱ्याला सोबत नेऊन करा, फोटोवरून नाही.

जिप्सी घेऊन दीड वर्ष झालं. नाव ट्रान्सफर करायचं राहिलं आहे. काही अडचण येईल का? (सोलापूर)

येईल, आणि तुमच्याआधी ज्याने गाडी विकली त्याला येईल. नोंदणीत ज्याचं नाव तोच कायद्याने मालक, अपघाताची भरपाई त्याच्याकडून मागितली जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये हेच सांगितलं आहे. त्या माणसाने तुमच्यावर विश्वास ठेवून गाडी दिली, हे लक्षात घ्या. विमाही तुमच्या नावावर नाही. तो हस्तांतरासाठी चौदा दिवसांत कळवायचा असतो, तुम्ही दीड वर्ष घालवलं. फॉर्म २९ आणि ३० घेऊन उद्या आरटीओत जा. तोवर गाडी बाहेर काढू नका.

दिल्लीची डिझेल थार इथल्यापेक्षा लाखभराने स्वस्त पडते. (छत्रपती संभाजीनगर)

दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, म्हणून तिथले मालक गाड्या विकायला काढतात. त्याबाबतचे आदेश मध्ये मध्ये बदलतात, त्यामुळे गाडीला एनओसी आज मिळते का हे तिथल्या आरटीओकडून लेखी घ्या. मग हिशेब करा: महाराष्ट्रात पुन्हा रोड टॅक्स, गाडी आणण्याचा खर्च, पंधरा वर्षांजवळ आली असेल तर फेरनोंदणी आणि पर्यावरण कर. हलक्या खासगी वाहनाचं फेरनोंदणी शुल्क एप्रिल २०२२पासून सहाशेवरून पाच हजार झालं आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांना २०२५पासून दहा हजार. लाखभराची बचत यात बहुतेक जिरते. बँकेचा बोजा उतरला आहे का, हे वाहन पोर्टलवर स्वतः बघा. मालकाने पाठवलेला स्क्रीनशॉट चालणार नाही.

सॉफ्ट टॉपमध्ये पावसाचं पाणी येतं का? (महाबळेश्वर)

येतं. तुमच्या गावी तर नक्कीच.

बजेट चौदा लाख आहे. जुनी जर्मन कॅब्रिओलेट घेता येईल, नवी थार घेण्यापेक्षा तेच बरं नाही का? (मुंबई)

खरेदीचं बजेट आहे, सांभाळण्याचं आहे का? चव्वेचाळीस लाखांची गाडी चौदा लाखांना मिळाली तरी तिचे सुटे भाग चव्वेचाळीस लाखांच्या गाडीचेच असतात. बटण दाबून मिटणाऱ्या छपराला पंप, हायड्रॉलिक नळ्या, सेन्सर आणि मोटारी असतात. एक सेन्सर बिघडला तर छप्पर अर्ध्यावर थांबतं. बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असताना छप्पर सलग पाच-सहा वेळा उघडून मिटून बघा. डिकीतल्या कार्पेटखाली हात घालून तेल किंवा ओल लागते का पाहा. ‘बॅटरी उतरली आहे, म्हणून आज छप्पर चालत नाही’ असं कुणी म्हणालं तर बॅटरी लावूनच दाखवायला सांगा. अधिकृत सर्व्हिस सेंटरची तपासणी आणि तिथला पूर्ण इतिहास हातात आल्याशिवाय होकार देऊ नका.

मी लंडनमध्ये हॅरोला राहतो. दोन हजार पौंडांत माझदा एमएक्स-५ घ्यावी म्हणतो. (हॅरो)

या किमतीत बहुधा दुसऱ्या पिढीची, १९९८ ते २००५ची मिळेल. इंजिन टिकाऊ आहे, शत्रू गंज आहे. सीटमागे दोन्ही कोपऱ्यांत हुडाच्या पाण्याच्या निचऱ्याची भोकं असतात. ती पाल्यापाचोळ्याने बुजली की पाणी उंबरठ्याच्या पोकळीत उतरतं आणि मागच्या चाकाजवळ पत्रा आतून कुजतो. या पिढीत पुढच्या चासीच्या तुळयाही कुजतात. तिथे प्लास्टिकचं आवरण असतं, ते काढूनच बघायला हवं.

तुमच्याकडे एक फार मोठी सोय आहे. सरकारी संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकला की गाडीचा एमओटीचा, म्हणजे तिथल्या सक्तीच्या वार्षिक तपासणीचा, सगळा इतिहास फुकट दिसतो. वर्षानुवर्षं गंजाचा शेरा येत असेल आणि यंदा तो अचानक नाहीसा झाला असेल, तर वेल्डिंगची बिलं मागा. हॅरो २९ ऑगस्ट २०२३पासून युलेझमध्ये, म्हणजे लंडनच्या कमी धुराच्या क्षेत्रात, आहे. तिथल्या धुराच्या निकषांत न बसणाऱ्या गाडीला दिवसाला साडेबारा पौंड पडतात. नेमकी तीच गाडी बसते का, हे नंबर टाकून आधी तपासा. धातूचं घडीचं छप्पर असलेल्या पंधरा-वीस वर्षांच्या गाड्या याच किमतीत मिळतात, त्यांच्याकडे वळू नका. कापडी हूड हाताने मिटतं आणि फाटलं तर बदलता येतं.

फोंड्यात एकाकडे सॅन स्टॉर्म आहे. घ्यावी का? (मडगाव)

या प्रश्नाने बरं वाटलं. गोव्यात बनलेली, दोन सीटची, जन्मतःच उघडी असलेली गाडी. रेनोचं १,१४९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि फायबरची बॉडी. पत्रा नाही म्हणून बाहेरून गंज दिसणार नाही, आणि धोका तिथेच आहे, कारण खालचं लोखंड सगळ्यांसारखंच गंजतं. फायबरला तडे कुठे गेलेत ते बिजागऱ्यांजवळ बघा.

ही गाडी रोजच्या वापरासाठी नाही. सुटे भाग दुकानात मागून मिळणार नाहीत, शोधावे लागतील. चालू अवस्थेत असेल, आरसी जिवंत असेल आणि इंजिन-चासीचे क्रमांक जुळत असतील, तरच पुढे बोला. नोंदणीची मुदत संपून गेली असेल तर मडगावच्या आरटीओत जाऊन फेरनोंदणी होईल का ते आधी विचारा. तिथून होकार आल्यावर सॅन स्टॉर्म स्वतः सांभाळणाऱ्या एखाद्या मालकाला गाठून त्याला ही गाडी दाखवा, आणि किंमत त्याच्याशी बोलल्यावरच ठरवा. काहीही ठरलं तरी ती भंगारात देऊ नका असं त्या फोंड्याच्या मालकाला माझ्यातर्फे सांगा.